सुटी झाल्यानंतरचे वर्ष: सिडकोतील एका घराच्या निमित्ताने एकात्मिक आरोग्य व सामाजिक सेवेचा आर्थिक हिशेब

पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाचा रुग्णालयातील खर्च बिलावर लिहिलेला असतो. तो घरी आल्यानंतरच्या वर्षाचा खर्च मात्र चार-पाच ठिकाणी विखुरलेला असतो आणि त्यातला सर्वांत मोठा भाग कोठेच लिहिलेला नसतो. आरोग्य सेवा आणि सामाजिक सेवा (म्हणजे आंघोळ, भरवणे, उठवणे-बसवणे अशी रोजची निगा) एकत्र आणणे पैशाच्या दृष्टीने परवडते का, या प्रश्नाचे उत्तर हा विखुरलेला खर्च कोणाच्या बाजूने मोजला जातो यावर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असते. ते कसे, हे पुढील प्रकरणात शक्य तितके तपशीलवार मांडले आहे.

येथे आलेले कुटुंब कोणा एकाचे नाही. नाशिकच्या सिडको आणि अंबड पट्ट्यात ज्या प्रकारची घरे सर्रास आढळतात, त्यांच्या परिस्थितीवरून ते उभे केले आहे. त्याच्या हिशेबातील रकमा आणि प्रमाणे पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून धरलेली आहेत. त्या कोणत्याही पाहणीचे निष्कर्ष नाहीत. योजना, कायदे, संशोधने आणि सरकारी आकडे यांचा उल्लेख जेथे आला आहे, तेथे मात्र तो प्रत्यक्षातलाच आहे.

प्रकरण

सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य काढलेले 67 वर्षांचे गृहस्थ. उजव्या बाजूला पक्षाघात, बोलणे अडखळते, लघवीवर ताबा नाही. घरी 62 वर्षांची पत्नी, कंत्राटी कामावर जाणारा मुलगा, अंबड औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करणारी सून आणि शाळेत जाणारी नात. सिडकोचे मूळचे छोटे घर, त्यावर नंतर चढवलेला मजला, बाहेरून गेलेला अरुंद जिना. रुग्णाची खाट खालच्या खोलीत, संडास त्याच मजल्यावर पण दोन पायऱ्या उतरून.

पहिला उपचार शासकीय आरोग्य विम्यातून झाला. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाते. या संरक्षणाचा आधार रुग्णालयात दाखल होणे हा आहे. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे 15 दिवस एवढाच काळ त्यात धरला जातो. पक्षाघाताच्या रुग्णाचे खरे काम सोळाव्या दिवशी संपलेले नसते. बहुतेक घरांत ते त्या सुमारास कुठे सुरू होते.

सुटी होताना कुटुंबाच्या हाती डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि ‘फिजिओथेरपी सुरू ठेवा’ अशी एक ओळ पडली. लघवीची नळी तशीच होती. फिजिओथेरपिस्ट दोन महिने घरी आला, मग पैसे पुरेनात म्हणून बंद झाला. तिसऱ्या महिन्यात लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गामुळे पुन्हा दाखल करावे लागले. सातव्या महिन्यात माकडहाडाजवळची जखम चिघळली आणि दुसऱ्यांदा दाखल करावे लागले. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, हे सासूला आणि सुनेला माहीत होते. अडचण माहितीची नव्हती. “ह्यांना एकटीनं वळवता येत नाही मला, सूनबाई असली तरच होतं,” एवढे एक वाक्य त्या जखमेचे कारण पुरेसे सांगते. सुनेने पहिल्याच महिन्यात काम सोडले होते, तरी दुपारी नातीला शाळेतून आणणे, रेशन, दवाखाना यांत तिचे तास जातच होते.

या घराशी संबंध येणारी सरकारी खाती मोजली तर ती पाच भरतात. जन आरोग्य योजना, महानगरपालिकेचा आरोग्य विभाग, जिल्हा रुग्णालयातील दिव्यांग प्रमाणपत्राचे मंडळ, सामाजिक न्याय विभागाच्या अनुदान योजना चालवणारे तहसील कार्यालय आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला महापालिकेचा निधी. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी, आणि प्रत्येकाच्या दृष्टीने हा माणूस स्वतंत्र लाभार्थी. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार या योजनांची उत्पन्नमर्यादा कित्येक वर्षे वार्षिक 21,000 रुपये राहिली, त्यामुळे घरात एक कंत्राटी पगार येत असला तरी असे कुटुंब दारातूनच परत फिरते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी रुग्णाला प्रत्यक्ष न्यावे लागते. खाटेवरच्या माणसाला रिक्षात बसवून नेणे आणि परत आणणे यात घरातील दोन माणसांचा आख्खा दिवस जातो.

दोन व्यवस्था

तुलनेसाठी दोन व्यवस्था धरू. पहिली म्हणजे वर वर्णन केलेली आजची व्यवस्था. दुसरी एकात्मिक: महापालिकेच्या प्रभागस्तरावरील एक छोटे पथक, ज्यात परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवक आहेत. सुटी होण्याआधीच ते रुग्णालयात जाऊन घराची माहिती घेते. परिचारिका ठरावीक दिवशी घरी येते, नळी लवकरात लवकर काढण्याचा प्रयत्न करते आणि पाठीची कातडी तपासते. समाजसेवक प्रमाणपत्र, उपकरणे, औषधे यांचे सर्व अर्ज एकाच फाइलमधून मार्गी लावतो. हवेची गादी, वॉकर आणि कमोडची खुर्ची घरी येते. शिवाय रोज चार तास एक प्रशिक्षित मावशी येते, जी आंघोळ घालते, कूस बदलते, खुर्चीत बसवते, आणि त्या वेळात सून कामावर असते.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे आरोग्य सेवा मानली जात नाही. आंघोळ, भरवणे, उठवणे-बसवणे, काळजी घेणाऱ्याला दोन घटका मोकळीक देणे, यांना इंग्लंडमध्ये सामाजिक सेवा म्हणतात आणि तिची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर असते. आपल्याकडे तिला ‘घरचं काम’ म्हणतात. हिशेबात तिची रक्कम शून्य धरली जाते याचे कारणही तेच आहे.

आधी कुटुंबाची वही

पत्नीने नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर खर्च लिहून ठेवला आहे असे धरू. अशी वही असंख्य घरांत असते, आणि आर्थिक मूल्यमापन करणाऱ्याला तिच्याइतका विश्वासार्ह दस्तऐवज क्वचितच मिळतो. नोंदी अशा: डायपर, ग्लोव्हज, गॉज, बीपीच्या गोळ्या, रिक्षा, ‘फिजिओ 400’, पुन्हा रिक्षा. सुटीनंतरच्या वर्षभराच्या या नोंदींची बेरीज पुढीलप्रमाणे धरली आहे. डायपर महिन्याला 3,000 प्रमाणे 36,000, औषधे महिन्याला 1,800 प्रमाणे 21,600, फिजिओथेरपीच्या 24 भेटींचे 9,600, पट्टीचे सामान व किरकोळ 10,800, प्रवास 6,000. एकूण 84,000 रुपये, सगळे खिशातून.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला लोकांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. मात्र डायपर, भाड्याची गादी, मावशीचा पगार आणि बुडालेली मजुरी या गोष्टी आरोग्य खर्चाच्या व्याख्येत नीट बसतच नाहीत, आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरात खर्चाचा मोठा भाग नेमका त्याच बाबींचा असतो.

वहीत नसलेली पहिली रक्कम म्हणजे सुनेचा पगार. महिन्याला 11,000 धरले तर वर्षाला 1,32,000 रुपये. दुसरी रक्कम म्हणजे पत्नीचे श्रम. तिचे रोजचे पाच तास केवळ रुग्णाच्या कामासाठी धरले, म्हणजे वर्षाचे 1,825 तास, आणि तेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतले तर तासाला 40 रुपये द्यावे लागतील असे मानले, तर 73,000 रुपये होतात. येथे एक दक्षता आवश्यक आहे: सुनेचा बुडालेला पगार धरल्यावर तिच्या घरच्या तासांची किंमत पुन्हा लावता येत नाही, नाहीतर एकच नुकसान दोनदा मोजले जाईल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 97. घरातील माणसांची काळजी घेण्यासाठी स्त्रिया 134 मिनिटे आणि पुरुष 76. त्यामुळे हे तास मोजायचे की सोडून द्यायचे, या निर्णयाचा भार कोणावर पडतो हे वेगळे सांगायला नको.

आजच्या व्यवस्थेत सरकारी बाजूने होणारा खर्च म्हणजे दोन पुनर्दाखले (रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग), प्रत्येकी 30,000 प्रमाणे 60,000 रुपये. पहिल्या दाखल्याचा खर्च दोन्ही व्यवस्थांत सारखाच असल्याने तो तुलनेतून वगळता येतो. अशा रीतीने आजच्या व्यवस्थेचा एकूण वार्षिक खर्च 3,49,000 रुपये होतो आणि त्यातले 2,89,000 रुपये कुटुंबाच्या बाजूला पडतात.

एकात्मिक व्यवस्थेचा हिशेब

परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवक यांच्या वेळेतील या रुग्णाचा वाटा 42,000 रुपये धरला आहे. मावशीचे 300 दिवस, चार तासांचे 250 प्रमाणे, 75,000. उपकरणे 9,000, ती खरे म्हणजे दोन-तीन वर्षे टिकतात आणि त्यांचा खर्च तितक्या काळावर विभागायला हवा, पण येथे सावधगिरी म्हणून सगळा पहिल्याच वर्षी टाकला आहे. पुनर्दाखला दोनाऐवजी एक, म्हणजे 30,000. सरकारी बाजू एकूण 1,56,000.

कुटुंबाच्या बाजूला कमोडची खुर्ची आणि वेळेवर उठवणे यामुळे डायपर 24,000 वर येतात, औषधे महापालिकेच्या दवाखान्यातून आणि जनऔषधी केंद्रातून घेतल्याने 7,200, पट्टीचे सामान 3,000, प्रवास 1,800, मिळून 36,000. सून तीन महिन्यांनी कामावर परतते, त्यामुळे बुडालेला पगार 33,000. पत्नीचे तास रोज पाचावरून तीनवर येतात, म्हणजे 43,800. सगळे मिळून 2,68,800 रुपये.

येथपर्यंत आल्यावर एकाच व्यवस्थेबद्दल दोन परस्परविरोधी निकाल देता येतात, आणि दोन्हींची बेरीज बरोबर असते. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने एकात्मिक व्यवस्था वर्षाला 96,000 रुपयांनी महाग आहे. संपूर्ण समाजाच्या दृष्टीने ती 80,200 रुपयांनी स्वस्त आहे. या दोहोंपैकी कोणता आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर येतो, यावर योजनेचे भवितव्य ठरते. म्हणून ‘दृष्टिकोन’ हा मूल्यमापनातील तांत्रिक रकाना नसून तो मुळातच धोरणाचा निर्णय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुदानाबद्दल एक खुलासा येथेच करतो. समजा या कुटुंबाला महिन्याला काही रक्कम निवृत्तिवेतन म्हणून मिळाली असती, तर ती सामाजिक दृष्टिकोनातून खर्च म्हणून धरता आली नसती. सरकारच्या खिशातून कुटुंबाच्या खिशात गेलेला पैसा हे हस्तांतरण आहे. त्यात कोणाचे श्रम किंवा साधन खर्ची पडत नाही, फक्त कार्यालयीन कामाचा खर्च तेवढा धरावा लागतो. सरकारी दृष्टिकोनातून मात्र तो पूर्ण खर्च ठरतो. याउलट मावशीचा पगार दोन्ही दृष्टिकोनांतून खर्चच आहे, कारण तिचे चार तास खरोखर खर्ची पडतात.

काय विकत मिळाले?

खर्चाच्या फरकाला परिणामाच्या फरकाने भागल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही. आरोग्य अर्थशास्त्रात यासाठी गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष हे परिमाण वापरतात, ज्याला अभ्यासक ‘क्वाली’ म्हणतात. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे 1, मृत्यू म्हणजे 0. बहुतेक वेळा ईक्यू-5डी या प्रश्नावलीतून हा आकडा काढला जातो: चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना व अस्वस्थता, चिंता व नैराश्य असे तिचे पाच भाग आहेत आणि भारतीय लोकांच्या पसंतीवर आधारलेले तिचे मूल्यांकही आता उपलब्ध आहेत.

या रुग्णाचा आकडा आजच्या व्यवस्थेत 0.25 आणि एकात्मिक व्यवस्थेत 0.35 धरू, म्हणजे वर्षाला 0.10 क्वालीचा लाभ. सरकारी दृष्टिकोनातून 96,000 भागिले 0.10, म्हणजे एका क्वालीमागे 9,60,000 रुपये. भारतात 2017 पासून आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा आहे आणि तेथे एका क्वालीमागील खर्चाची मान्य मर्यादा, म्हणजे उंबरठा, साधारणतः दरडोई सकल देशांतर्गत उत्पन्नाइतका धरला जातो. 2023-24 मध्ये हे दरडोई उत्पन्न दोन लाख रुपयांच्या थोडे वर होते. या कसोटीवर आपली व्यवस्था चौपटीहून अधिक महाग ठरते आणि फेटाळली जाते. सामाजिक दृष्टिकोनातून मात्र भागाकार करण्याचीच गरज उरत नाही: खर्च कमी, लाभ जास्त, म्हणजे ती निर्विवाद सरस.

परिमाणाच्याही मर्यादा आहेत. ईक्यू-5डी मध्ये पत्नीची झोप येत नाही, नातीचा अभ्यास येत नाही, आणि अंथरुण ओले असताना कोणी तरी येईपर्यंत पडून राहावे लागण्याची लाज तर मुळीच येत नाही. सामाजिक सेवेचा लाभ मोजण्यासाठी म्हणूनच इंग्लंडमधील केंट विद्यापीठात ॲस्कॉट नावाचे वेगळे साधन विकसित झाले, ज्यात दैनंदिन जीवनावरील ताबा, स्वच्छता, खाणेपिणे, सुरक्षितता, लोकांत मिसळणे, वेळ कसा जातो, राहते घर आणि सन्मान अशी आठ अंगे आहेत. अमर्त्य सेन यांच्या क्षमताविचारावर उभे असलेले आयसकॅप-ओ हे ज्येष्ठांसाठीचे साधन आपुलकी, निर्धास्तपणा, घरातील भूमिका, आनंद आणि स्वतंत्रता या पाच गोष्टी विचारते. नाशिकसारख्या ठिकाणी ही साधने वापरायची तर केवळ भाषांतर पुरणार नाही. ‘स्वतःच्या जीवनावर ताबा’ या प्रश्नाला एकत्र कुटुंबातील आजोबा काय अर्थ लावतात, हे आधी बसून समजून घ्यावे लागेल. तरीही रुग्णाचा आणि काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा असे दोन्ही लाभ मोजणारे कोणतेही साधन, केवळ रुग्णाचे हातपाय मोजणाऱ्या साधनापेक्षा या प्रकरणाला अधिक न्याय देईल.

निकाल कशावर टांगलेला आहे

आता गृहीतके हलवून पाहू. पुनर्दाखल्यांत काहीच घट झाली नाही, दोन्ही व्यवस्थांत दोनदाच दाखल करावे लागले, तर सामाजिक बचत 80,200 वरून 50,200 वर येते. निकाल बदलत नाही. सुनेला काम परत मिळालेच नाही, तर मात्र एकात्मिक व्यवस्था 18,800 रुपयांनी महाग ठरते. 0.10 क्वालीचा लाभ कायम राहिला तर एका क्वालीमागे 1,88,000 रुपये, म्हणजे उंबरठ्याच्या जेमतेम आत; लाभ निम्मा झाला तर 3,76,000 रुपये, म्हणजे बाहेर.

या प्रकरणातून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. एकात्मिक सेवांचे समर्थन जवळजवळ नेहमी ‘रुग्णालयातील दाखले कमी होतील आणि पैसे वाचतील’ या आश्वासनावर केले जाते. आपल्या हिशेबात दाखल्यातील बचतीपेक्षा सुनेच्या पगाराचा वाटा तिपटीहून मोठा आहे. म्हणजे योजनेचे यश ज्या गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून आहे, ती गोष्ट बहुतेक मूल्यमापनांच्या नोंदवहीत नसते. आणि मावशीचे चार तास नेमके कोणते, हा वरवर किरकोळ प्रश्न मग निर्णायक होतो: अंबडमधील पाळी सकाळी सुरू होत असेल आणि मावशी दुपारी येत असेल, तर 75,000 रुपये खर्च होतील आणि 99,000 रुपये परत येणार नाहीत. चार तासांत पूर्ण पाळी बसत नाही, हेही खरे. उरलेले तास पत्नीच्या वाट्याला येतात, म्हणूनच तिचे तास तीनच्या खाली आणलेले नाहीत.

इंग्लंडचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. तेथे आरोग्य व सामाजिक सेवांचा पैसा एकत्र आणण्यासाठी ‘बेटर केअर फंड’ 2015-16 पासून सुरू झाला. त्या पहिल्या वर्षी त्यातून 5.3 अब्ज पौंड खर्च झाले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये स्पष्ट म्हटले की, बचत, रुग्णांना झालेला लाभ आणि रुग्णालयावरील भार या तिन्ही बाबतींत अपेक्षित फळ मिळालेले नाही. घरी बसवलेल्या उपकरणांतून दूरस्थ देखरेख ठेवण्याच्या तेथील मोठ्या प्रयोगातही एका क्वालीमागे सुमारे 92,000 पौंड खर्च आढळला, तर त्या वेळचा मान्य उंबरठा 20,000 ते 30,000 पौंडांचा होता. असे असूनही इंग्लंडने एकात्मतेचा मार्ग सोडला नाही. जुलै 2022 पासून तेथील एकात्मिक सेवा मंडळांना कायद्याचे स्थान मिळाले. खाती एकत्र केली की पैसे आपोआप वाचतात ही अपेक्षाच चुकीची होती. अधिक काळजी द्यायची तर अधिक खर्च येतो, आणि त्या खर्चातून काय मिळते ते विचारायचे असते.

दुसरा इशारा भारतातलाच आहे. पक्षाघाताच्या रुग्णांचे पुनर्वसन घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडूनच करून घ्यावे, हा विचार स्वस्त म्हणून आकर्षक वाटतो. ‘अटेंड’ या चाचणीत देशातील 14 रुग्णालयांमधील 1,250 रुग्णांवर तो तपासला गेला आणि 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण घरच्यांनी पुनर्वसन केलेल्या आणि फक्त नेहमीची सेवा मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत 47 टक्के, काहीच फरक नाही. यावरून मावशी आणि फिजिओथेरपिस्ट घरी पाठवण्याचा उपयोग नाही असे सिद्ध होत नाही, कारण त्या चाचणीत काम घरच्यांवर होते. मात्र दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. आपला 0.10 चा आकडा आशावादी असू शकतो. आणि लाभ चालण्याफिरण्यात दिसला नाही तरी तो जखम न होण्यात, स्वच्छतेत आणि पत्नीच्या विश्रांतीत असू शकतो, म्हणून तो तेथे शोधला पाहिजे.

खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची

खातेनिहाय पाहिले तर अडचण आणखी उघड होते. महापालिकेच्या आरोग्य विभागाचा खर्च 42,000 ने वाढतो. सामाजिक न्यायाच्या बाजूला मावशीचे 75,000 आणि दिव्यांग निधीवर 9,000 पडतात. बचत होते ती फक्त जन आरोग्य योजनेची, 30,000 रुपये, आणि ती राज्य पातळीवर होते. जो खर्च करतो त्याला बचत दिसत नाही आणि ज्याची बचत होते त्याने काही केलेले नसते. अशा स्थितीत महापालिकेच्या लेखा विभागाने प्रस्तावावर प्रतिकूल शेरा मारला, तर त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यासमोर आलेला कागद खरोखरच तोट्याचा आहे.

केरळमध्ये हा तिढा बऱ्याच अंशी सुटला तो खर्च आणि जबाबदारी एकाच ठिकाणी आणल्यामुळे. कोझिकोडमध्ये 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक व परिहार सेवेच्या (गंभीर आजारातील त्रास हलका करणाऱ्या काळजीच्या) कामातून पुढे लोकसहभागाची चळवळ उभी राहिली, 2008 मध्ये राज्याने धोरण जाहीर केले, आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांनी उचलली. जी पंचायत परिचारिकेला पगार देते, तिलाच त्या घराच्या इतर गरजाही ठाऊक असतात.

महाराष्ट्रातील महापालिकांना कायद्याची आडकाठी नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आहे आणि दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षणही आहे. दोन्ही विषय एकाच यादीत, एकाच संस्थेकडे. नाशिक महापालिकेकडे बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन यांसारखी स्वतःची रुग्णालये आहेत, शहरी आशा कार्यकर्त्या आहेत, दिव्यांगांसाठीचा राखीव निधी आहे. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, ज्याच्या कक्षेत परिचर्या आणि फिजिओथेरपी या दोन्ही शाखा येतात. 2011 च्या जनगणनेत राज्यातील 60 वर्षांवरील लोकांचे प्रमाण 9.9 टक्के होते, देशाच्या 8.6 टक्क्यांपेक्षा जास्त. सातपूर-अंबडचे कारखाने ज्यांनी चालवले ती पिढी आता या गटात आली आहे. दोन प्रभागांत प्रयोग करून पाहण्यास याहून अनुकूल जागा शोधावी लागणार नाही.

प्रयोग केला तर त्याची रचना सुरुवातीलाच नीट व्हावी. वारंवार दाखल झालेले रुग्णच निवडले, तर पुढच्या वर्षी त्यांचे दाखले काहीही न करता थोडे कमी होतात, कारण सर्वांत वाईट वर्षानंतरचे वर्ष साधारणतः त्याहून बरे जाते. म्हणून तुलनेसाठी शेजारच्या दोन प्रभागांतील तशाच रुग्णांची नोंद त्याच काळात ठेवणे अपरिहार्य आहे. नोंदीत रुग्णाबरोबर काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे तास, तिचे आधीचे काम आणि ते परत मिळाले की नाही हे दर तिमाहीला लिहिले जावे. कुटुंबांना छापील वही द्यावी, फक्त तिचे रकाने त्यांनी स्वतः ठेवलेल्या वह्या पाहून आखावेत. आणि जन आरोग्य योजनेने टळलेल्या दाखल्यांच्या रकमेतील ठरावीक हिस्सा महापालिकेला द्यावा असा करार प्रयोगाआधीच व्हावा. 30,000 तील निम्मे मिळाले तरी पथकाच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग त्यातून निघतो.

एका रकमेबद्दल मात्र तडजोड होता कामा नये, ती म्हणजे मावशीचा पगार. हिशेब जुळवण्यासाठी तिला ‘स्वयंसेविका’ ठरवून मानधनावर ठेवण्याचा मोह कोणत्याही यंत्रणेला होईल, आणि कागदावर त्याने मोठी बचत दिसेलही. पण ती मावशी त्याच वसाहतींतून येणार आहे, तिच्याही घरी कोणी तरी अंथरुणाला खिळलेले असू शकते, आणि तिला कमी दिलेला प्रत्येक रुपया एका घराचा खर्च दुसऱ्या घरावर ढकलतो. सामाजिक दृष्टिकोनातून तो वाचत नाही. चार तासांचा दर 250 ऐवजी 350 केला तर खर्च 30,000 ने वाढतो आणि सामाजिक बचत 50,200 उरते. दर वाढला आणि पुनर्दाखल्यांत काहीच घट झाली नाही, असे दोन्ही एकदम घडले तरी 20,200 रुपये शिल्लक राहतात. तेव्हा 350 हाच दर धरून प्रस्ताव मांडावा.